अध्यक्षाचं आसन

मुंबईच्या फोर्टात, हॉर्निमन सर्कलला लागून सेंट थॉमस कॅथीड्रल उभं आहे. किल्ल्याचा एक दरवाजा या चर्चच्या वाटेवर होता, म्हणून तो चर्चगेट. पाया सतराव्या शतकातला. १७१८ च्या नाताळात इथे उपासना सुरू झाली. पण पुढची जवळजवळ एकशेवीस वर्षं ते नुसतं चर्च होतं. कॅथीड्रल झालं ते १८३७ साली, थॉमस कार मुंबईचे पहिले अँग्लिकन बिशप झाले तेव्हा. कॅथीड्रल हे नावच मुळी आसन या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलेलं आहे. इमारत केवढी, मनोरा किती उंच याला महत्त्व नाही. ज्या चर्चमध्ये बिशपची खुर्ची, ते कॅथीड्रल.

मराठी बायबलात या पदासाठी ‘अध्यक्ष’ हा शब्द येतो. मला तो फार नेमका वाटतो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ देखरेख करणारा, आणि आपल्या अध्यक्षाच्या पोटातही ‘अक्ष’ म्हणजे डोळा आहेच. धर्मप्रांतातल्या सगळ्या पॅरिशांवर, म्हणजे स्थानिक मंडळ्यांवर, त्याची नजर. धर्मसेवेची दीक्षा तोच देतो, बाप्तिस्मा झालेल्यांच्या डोक्यावर हात ठेवून कन्फर्मेशन, म्हणजे दृढीकरण, तोच करतो. दीक्षा घेतलेल्या पाद्रीलाही त्या प्रांतात काम करायचं तर बिशपचा परवाना लागतो. आणि नवा बिशप करायला निदान तीन बिशपांचे हात लागतात, हा दंडक चौथ्या शतकापासूनचा. पदाची परंपरा अशी हातातून हातात आलेली.

हिंदुस्थानात मात्र अँग्लिकनांचं हे पद आधी कायद्याच्या कागदावर आलं. १८१३ च्या सनदी कायद्याने कलकत्त्याला एक बिशप दिला. थॉमस मिडलटन १८१४ मध्ये तिथे आले. त्यांना राजाचं फर्मान मिळालं होतं, पगार ईस्ट इंडिया कंपनीच्या तिजोरीतून. पण हिंदी माणसाला दीक्षा देण्याचा अधिकार त्या फर्मानात आपल्याला दिसत नाही, असं त्यांनी ठरवलं आणि शेवटपर्यंत ते पाळलं. एवढ्या मोठ्या देशाचा धर्माध्यक्ष, आणि इथल्या एकाही माणसाच्या डोक्यावर दीक्षेचा हात ठेवू शकत नाही! १८२३ मध्ये पार्लमेंटने कायदा करून ती अडचण काढली. मग मिडलटन यांच्यामागून आलेल्या रेजिनाल्ड हेबर यांनी लखनौच्या अब्दुल मसीह यांना दीक्षा दिली. मुंबई आणि मद्रासला बिशप मिळाले ते १८३३ च्या कायद्याने; पगार वर्षाला २४,००० रुपये. पहिला हिंदी अँग्लिकन बिशप व्हायला १९१२ साल उजाडलं. ते दोर्नकलचे व्ही. एस. अझरया.

१९३० मध्ये इथलं अँग्लिकन चर्च इंग्लंडच्या चर्चपासून कायद्याने वेगळं झालं. कागद बदलला, पण राजनिष्ठेची सवय लगेच सुटली नाही. व्हेरियर एल्विन हे इंग्रज पाद्री पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आले होते. जॅक विन्सलो यांनी उभारलेला, साध्या राहणीचा हा आश्रम. तिथले मराठी सोबती शामराव हिवाळे यांना घेऊन एल्विन १९३२ मध्ये मंडला जिल्ह्यात गोंडांमध्ये राहायला गेले. तो भाग नागपूर धर्मप्रांतातला. नागपूरचे बिशप ॲलेक्स वुड यांनी राजनिष्ठेच्या शपथेवाचून परवाना द्यायला नकार दिला. गांधीजींच्या चळवळीशी जोडलेल्या एल्विनना ती शपथ घेणं शक्य नव्हतं. १९३५ मध्ये त्यांनी चर्चच सोडलं. मला हा प्रसंग जिव्हारी लागतो. ज्या परवान्याने कळप सांभाळायचा, त्यानेच एक माणूस दाराबाहेर राहिला, आणि कारण श्रद्धेचं नव्हतं, राजाचं होतं.

मुंबईच्या आसनावर १९४७ मध्ये विल्यम लॅश आले. तेही इंग्रजच, पण पुण्याच्या त्याच आश्रमात राहिलेले. ज्या वर्षी देशावरचं इंग्रजांचं राज्य गेलं, त्याच वर्षी राजसत्तेच्या फर्मानाने सुरू झालेल्या खुर्चीवर आश्रमातला माणूस बसला, याचं मला मोल वाटतं.

यानंतरचं मोठं वळण आलं नागपुरात. २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा चर्चसंस्था एकत्र येऊन उत्तर भारताचं चर्च स्थापन झालं. त्यातल्या कित्येकांनी पिढ्यान्‌पिढ्या बिशपशिवाय कारभार केला होता. अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनची मंडळी त्यांपैकीच, म्हणजे रेव्हरंड ना. वा. टिळकांची मंडळी. तिथे पाळकही होते आणि मंडळीच्या सभाही, पण सगळ्यांवर एक असा अध्यक्ष नव्हता. टिळकांच्या मंडळीच्या वारसांनी आता बिशप हे पद स्वीकारलं, आणि अँग्लिकनांनीही त्यांच्या पाळकांना आपल्या बरोबरीचे मानलं. फोर्टातल्या त्या खुर्चीची परंपरा आता त्यांचीही झाली.