खाली मॉल, वर फ्लॅट, शेजारी ऑफिस : चिनी शहरांचा हा पॅटर्न आला कुठून?

तळाला मेट्रो, त्यावर मॉल, वर ऑफिसं आणि फ्लॅट. चीनच्या मोठ्या शहरांत अशी संकुलं जागोजागी दिसतात. पण एकाच आवारात सगळं, ही कल्पना तिथे मॉलच्या कितीतरी आधीची आहे.

माओच्या काळात शहरातलं आयुष्य 'दानवेई'भोवती फिरायचं. दानवेई म्हणजे कामाचं ठिकाण. कारखान्याच्या भिंतीआतच क्वार्टर्स, मेस, शाळा, दवाखाना. भाडं नावापुरतं, पण घर नोकरीला बांधलेलं.

1998 मध्ये सरकारने नोकरीसोबत घर देणं बंद केलं आणि घरांचा बाजार सुरू झाला. शहरातली जमीन मात्र आजही सरकारचीच. ती वापरायचा हक्क विकला जातो. घरांसाठी 70 वर्षं, दुकानांसाठी 40 वर्षं. या पैशावर स्थानिक सरकारांचा मोठा खर्च भागू लागला.

इथेच वांग जियानलिन यांच्या वांडा ग्रुपने गणित जमवलं. मोठा प्लॉट घ्यायचा, फ्लॅट आणि ऑफिसं विकायची, त्या पैशातून मॉल बांधायचा आणि त्याचं भाडं कमवत राहायचं. असे शेकडो वांडा प्लाझा उभे राहिले.

मेख एकच. फ्लॅट विकले गेले तरच गाडी पुढे जाते. 2020 मध्ये सरकारने बिल्डरांच्या कर्जावर लगाम घातला, पुढच्याच वर्षी घरविक्री घसरली. 2022 मध्ये अर्धवट राहिलेल्या प्रोजेक्टच्या ग्राहकांनी हप्ते थांबवण्याचा इशारा दिला. 2023 पासून वांडालाही आपले अनेक प्लाझा विकावे लागले.

मॉल आजही चालू आहेत, फक्त मालक बदललेत. अर्धवट घरांचे हप्ते भरणाऱ्यांचं नुकसान मात्र इतक्या सहज भरून निघणारं नाही.