पाणीपट्टीवाढीला लेखी हरकत

कॅलिफोर्नियात पाणीपट्टी किंवा सांडपाणी आकार वाढवण्यापूर्वी स्थानिक संस्थेला रहिवाशांच्या हरकती ऐकाव्या लागतात. १९९६ मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या ‘प्रपोझिशन २१८’ने हे बंधन घातले. वाढीची नोटीस सुनावणीच्या किमान ४५ दिवस आधी पाठवावी लागते. एका मालमत्तेमागे एकच लेखी हरकत मोजली जाते. निम्म्याहून अधिक मालमत्तांच्या हरकती आल्या, तर वाढ लागू करता येत नाही. इतक्या हरकती क्वचितच जमतात. मात्र आकारणी सेवेच्या खर्चापेक्षा जास्त नसावी, ही अट कायम राहते. सान ह्वान कॅपिस्ट्रानो शहराने वापराच्या टप्प्यांनुसार चढते दर लावले होते. ते खर्चाशी जुळतात हे शहराला दाखवता आले नाही, असा निकाल २०१५ मध्ये अपील न्यायालयाने दिला. दर खर्चाला धरून आहेत, हे सिद्ध करण्याची जबाबदारी संस्थेचीच असते.