भाईंदर खाडीच्या परिसरांतील लेख व प्राचीन भाषांचें विद्यापीठीय अध्ययन

मीरा-भाईंदरचें नांव आमच्या वाचकांच्या परिचयाचें असेल तें बहुधा घोडबंदरच्या किल्ल्यामुळें किंवा चिमाजी आपांच्या वसईच्या मोहिमेमुळें (सन १७३७-३९). त्या प्रकरणाचे कागद मोडींत व पोर्तुगीज भाषेंत आहेत, आणि त्यांवर संशोधकांनीं पुष्कळ श्रम केले आहेत. परंतु २००२ सालीं महानगरपालिका झालेल्या या शहराची जागा लक्षांत घ्यावी. उत्तरेस खाडी व तिच्या पलीकडे वसई आणि सोपारें. दक्षिणेस कान्हेरीचा डोंगर. या दोहोंमध्यें वसलेल्या टापूचा पोर्तुगीजांपूर्वीचा दीड हजार वर्षांचा वृत्तांत मोडी दप्तरांत शोधून सांपडणार नाहीं. तो ब्राह्मींत, नागरींत, पहलवींत आणि अरब प्रवाशांच्या ग्रंथांत विखुरला आहे.

आमच्या संग्राहक मित्रांचें असें म्हणणें असतें कीं, लिपि वाचतां आली म्हणजे काम झालें. विद्यापीठांत चारपांच वर्षें संस्कृत, पालि किंवा अरबी शिकून संशोधकाच्या पदरांत अधिक काय पडतें? या प्रश्नाचें उत्तर याच परिसरांतील लेखांवरून देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

सन १८८२ मध्यें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं सोपाऱ्यास 'बुरुड राजाचा कोट' म्हणून ओळखला जाणारा स्तूप उकरला. त्याच शोधांत त्यांस तेथें एक फुटका शिलाखंड मिळाला. त्यावर ब्राह्मींतील कांहीं तुटक ओळी होत्या. नुसतीं अक्षरें लावणारास त्यांतून सुटे शब्द मिळाले असते, इतकेंच. पंडितजींनीं तो अशोकाच्या आठव्या आज्ञेचा, म्हणजे राजानें विहारयात्रा टाकून धर्मयात्रा आरंभिल्याच्या आज्ञेचा, तुकडा असल्याचें ठरविलें. हें कशाच्या बळावर? गिरनारच्या शिलेवरील पाठ त्यांस अवगत होता. जुनागड ही त्यांची जन्मभूमीच. शिवाय इतर ठिकाणच्या प्रतींचे पाठभेदहि त्यांच्या डोळ्यांपुढें होते. पुढें १९५६ सालीं सोपाऱ्यानजीक भुईगांव येथें नवव्या आज्ञेचा तुकडा मिळाला, तेव्हां चौदाहि आज्ञा येथें कोरल्या असाव्यात या तर्कास बळकटी आली.

कोणी म्हणेल, भगवानलाल तर कोणत्याच कॉलेजांत शिकले नव्हते. खरें आहे. परंतु डॉ. भाऊ दाजी यांच्यापाशीं त्यांनीं अनेक वर्षें जें केलें तें अध्ययनच होतें. समांतर पाठ ताडून पाहण्याची संवय हाच त्याचा गाभा. लायडन विद्यापीठानें त्यांस सन्मानाची डॉक्टर पदवी दिली ती याच कारणें. भाऊ दाजींसारखा आश्रय आज किती जणांस लाभेल? ज्यास लाभत नाहीं त्यास तीच संवय लावून देण्याचें दुसरें स्थळ विद्यापीठ होय.

आतां कान्हेरी. येथील सातवाहनकालीन दानलेख प्राकृतांत आहेत, आणि त्यांत सोपारें, कल्याण येथील दात्यांचीं नांवें येतात. 'लेण', 'पोढी' हे त्यांतील शब्द मराठी वाचकास भाषांतरावांचून कळतात. येथें आपली मातृभाषाच आपणांस साह्य करिते. डोंगराचें नांव या लेखांत 'कण्हसेल' असें असून पुढें संस्कृत लेखांत 'कृष्णगिरि' होतें. परंतु त्याच डोंगरांतील एका लेण्यांत पहलवी लेखहि आहेत. ते तेथें आलेल्या पारशी यात्रिकांनीं यज्दगर्दी शकाच्या ३७८ व ३९० या वर्षीं, म्हणजे इ. स. १००९ व १०२१ मध्यें, कोरविले. मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा घोटाळा होतो म्हणून आम्ही कुरकुरतों. पहलवींत न, व आणि र या वर्णांस एकच खूण पुरते. याहून विलक्षण गोष्ट अशी कीं, कित्येक शब्द अरमाइक भाषेंत लिहावयाचे व फारशींत वाचावयाचे असा तिचा शिरस्ता आहे. लिहिलेलें असतें 'मलका' आणि वाचावयाचें असतें 'शाह'. येथें अक्षरओळख कितीहि पक्की असली तरी ती वाचकास फसविते.

परंतु आमच्या मतें सर्वांत बोधप्रद उदाहरण डहाणू तालुक्यांतील चिंचणीच्या ताम्रपटाचें आहे. हा लेख राष्ट्रकूट इंद्र तिसरा याच्या कारकीर्दींतील, शके ८४८ म्हणजे इ. स. ९२६ चा. दिनेशचंद्र सरकार यांनीं तो 'एपिग्राफिया इंडिका'मध्यें प्रसिद्ध केला. भाषा संस्कृत, दान एका मठास. आणि संजाण मंडलाचा अधिपति म्हणून नांव येतें तें 'मधुमति'. संस्कृतापलीकडे न गेलेला वाचक या नांवापाशीं क्षणभरहि थांबणार नाहीं; इतकें तें शुद्ध व गोड आहे. परंतु लेखांत या पुरुषास 'ताजिक' म्हटलें आहे, आणि ताजिक म्हणजे अरब. तेव्हां मधुमति हा दुसरा कोणी नसून मुहम्मद होय! त्यानें प्रवाशांकरितां फुकट तरी ठेविली आणि अन्नसत्र घातलें असेंहि हाच पट सांगतो. राष्ट्रकूटांच्या सेवेंतील अरब अधिकारी हिंदु मठाच्या दानलेखांत संस्कृत नांवानें वावरतो, ही गोष्ट अरबीची जोड नसती तर या चार अक्षरांआड दडून राहिली असती.

उलट बाजूनें पाहावें तर अल्-मसूदी हा हिजरी ३०४ (इ. स. ९१६-१७) मध्यें सैमूर म्हणजे चेऊल येथें आला होता. तो 'बल्हरा' नांवाच्या बलाढ्य राजाचें वर्णन करितो व तेथील मांडलिकास 'जंज' म्हणतो. केवळ अरबी जाणणारास हीं नांवें निरर्थक. संस्कृतज्ञास मात्र 'वल्लभराज' हें राष्ट्रकूटांचें बिरुद आणि शिलाहार राजा झंझ लगेच ओळखूं येतात. मधुमतीची किल्ली अरबींत आणि बल्हराची संस्कृतांत आहे.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची. त्याच्या पहिल्या पदवीधरांत रामकृष्ण गोपाळ भांडारकर व महादेव गोविंद रानडे हे होते. प्राचीन भाषांस मान देण्याच्या भरांत याच विद्यापीठानें पुढें मराठीस उच्च परीक्षांतून दूर केलें, आणि ती परत यावी म्हणून रानड्यांस दीर्घकाळ खटपट करावी लागली. त्याच मराठीस ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं केंद्र सरकारनें पालि व प्राकृत यांच्याबरोबर अभिजात भाषेचा दर्जा दिला. रानडे हें पाहून हंसले असते. असो.

भाईंदरच्या विद्यार्थ्यास आगगाडीच्या एका प्रवासांत कलिन्याचे संस्कृत, पालि, अरबी व फारशी हे विभाग गांठतां येतात. सेंट झेव्हियर्स कॉलेजांतील, १९२६ मध्यें फादर हेरास यांनीं स्थापिलेली संशोधनसंस्था आणि कामा प्राच्यविद्या संस्थाहि त्याच्या टप्प्यांत आहेत. अडचण आहे ती भिंतींची. संस्कृताचा विद्यार्थी ब्राह्मीचें एक अक्षर न वाचतां पदवीधर होऊं शकतो, आणि शेजारच्या खोलींत अरबी शिकणारा मधुमतीचें नांवहि ऐकत नाहीं. म्हणून आम्ही अशा विद्यार्थ्यास सांगूं कीं, एका भाषेंत पदवी घ्यावी, दुसरी कामापुरती शिकावी, आणि लिपि स्वतंत्रपणें साधावी. पहिली भाषा कोणती हा प्रश्न तितकासा महत्त्वाचा नाहीं. दुसरी मात्र पहिलीच्या घराण्याबाहेरची असावी.

संग्राहकांसहि एक विनंति आहे. शिलालेख ठळक दिसावा म्हणून त्यांत खडू किंवा रंग भरूं नये, आणि ताम्रपट घांसून चकाकवूं नये. वस्तु हातीं येतांच तिचा ठसा व छायाचित्र घेऊन, ती कोठें मिळाली हें लिहून, भाषा जाणणाराकडे धाडावें. सन १८३९ मध्यें डॉ. जेम्स बर्ड यांस कान्हेरीच्या स्तूपांत त्रैकूटकांच्या राज्यांतील, संवत् २४५ चा ताम्रपट सांपडला. 'कृष्णगिरि महाविहारा'चा उल्लेख त्यांत आहे. मूळ पट आज नाहीं. बर्ड यांनीं काढविलेली प्रतिकृति छापली गेली म्हणून पुढील सर्व वाचनें झालीं.