लढाई दूरची, ताप घरचा

कुठे युद्ध पेटले की टीव्हीवर बॉम्ब दिसतात, बंद पडलेला दवाखाना दिसत नाही. पण युद्धाची आणि सत्ताबदलाची झळ गरिबाच्या औषधाला आधी लागते. आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या जुन्या पिढीने असा काळ काढला आहे.

मार्च १९४२ मध्ये जपानने जावा बेट घेतले. हिवतापावरचे कोयनेल ज्या सालीपासून होते, ती साल जगाला मुख्यतः तिथूनच मिळे. उरलेल्या साठ्यावर पहिला हक्क फौजेचा. त्याच वर्षी, सेवाग्रामला रोग्यांची सेवा केलेल्या डॉ. सुशीला नायर 'चले जाव' आंदोलनात तुरुंगात गेल्या. भोर समितीने १९४६ साली हिशेब मांडला, तेव्हा ६,३०० माणसांमागे एक डॉक्टर आणि ४३,००० माणसांमागे एक नर्स होती.

पण याच धामधुमीत काही पाया घातला गेला. जुलै १९४२ पासून बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. लढाईला कोळसा हवा म्हणून १९४३ साली सरकारने बायकांना पुन्हा खाणीत उतरवले. फेब्रुवारी १९४६ मध्ये ती बंदी परत लागू झाली. बाबासाहेबांच्या खात्याच्या काळातच कामगारांच्या आरोग्य विम्यावर प्रा. अदारकरांचा अहवाल आला, १९४४ साली. इंग्रज गेले, सरकार बदलले, पण तो कागद वाया गेला नाही. १९४८ साली कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. तोच आपला ईएसआय.

वस्तीत आजाऱ्याच्या घरी गेलो की आम्ही विचारतो, "ईएसआय कार्ड आहे का?" पुष्कळ घरांत पगारातून पैसे कापले जातात, पण विमा नंबर कोणालाच ठाऊक नसतो. मग उपचारासाठी सावकाराचे दार.

म्हणून एवढे लक्षात ठेवा. दहा किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात, दुकानात महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल, तर ईएसआय लागू होतो. ठेकेदाराकडचा कामगारही त्यात येतो. पगाराच्या पाऊण टक्का आपला वाटा, सव्वातीन टक्के मालकाचा. उपचार घरच्यांनाही मिळतात. पगाराची पावती मागा, विमा नंबर लिहून घ्या, बायको, मुले आणि आपल्यावर अवलंबून असलेले आईवडील यांची नावे चढवा.

हे दान नाही, आपल्या घामाचा वाटा आहे. आजारी पडायच्या आधीच मागून घ्या.