शातेची वाटी : घरच्या मुगाचे कढण

मुनिराजांना व साध्वीजींना वंदन करताना श्रावक त्यांची सुखशाता विचारतो. शाता म्हणजे देहाला आणि मनाला लाभलेले स्वास्थ्य. जैन स्वयंपाकघरातील जे पदार्थ ही शाता देतात, त्यांत मुगाच्या कढणाचा मान मोठा आहे. पारण्याला बसलेला तपस्वी, तापातून उठलेला वृद्ध, पावसात भिजून आलेले मूल आणि दिवसभर गादीवर बसून थकलेला व्यापारी, या चौघांनाही ते सारखेच मानवते. त्याला ना कांदा-लसूण लागतो, ना कंदमूळ. मूग, पाणी, मीठ आणि डब्यातील चार सुगंधी द्रव्ये एवढ्यावर ते सिद्ध होते.

आयुर्वेदाने मुगाला फार पूर्वीच मान दिला आहे. शेंगांतून मिळणाऱ्या धान्यांमध्ये मूग श्रेष्ठ, असे चरकसंहिता सांगते. कडधान्य भरपूर पाण्यात शिजवून केलेल्या पातळ रसाला वैद्य ‘यूष’ म्हणतात. पंचकर्मानंतर रुग्णाला क्रमाक्रमाने नेहमीच्या आहाराकडे आणताना पेज, मग घट्ट पेज आणि त्यानंतर यूष अशी पायरी ठरलेली आहे. आपल्या घरातील पारण्याचा क्रम याच वाटेने जातो, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

निवड आणि जयणा

कढणाची खरी सुरुवात चुलीवर होत नाही, ताटात होते. मूग पसरून दाणा न् दाणा पाहणे हा निवडण्याचा भाग तर आहेच, पण जयणेचाही आहे. पावसाळी हवेत मुगाला भुंगा लवकर लागतो. बारीक छिद्र पडलेला दाणा बाजूला काढावा. वर्षाचे धान्य भरून ठेवणाऱ्या घरांत मुगाला एरंडेल तेलाचा हात फिरवून, कोरड्या डब्यात सुकलेल्या कडुनिंबाच्या पाल्यासह ठेवण्याची रीत आहे. जीव पडल्यावर धान्य पाखडण्यापेक्षा जीव पडूच नये अशी व्यवस्था करणे, हीच खरी अहिंसा होय.

खरिपाचा नवा मूग भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास बाजारात येतो. नवा मूग लवकर शिजतो. जुना दाणा कठीण होत जातो व त्याला वेळ अधिक लागतो. कूपनलिकेच्या जड पाण्यातही कडधान्य लवकर मऊ होत नाही. अशा गावी पिण्यासाठी ठेवलेले गाळलेले मऊ पाणी कढणालाही वापरावे.

मूग रात्रभर भिजत ठेवू नये. मोड आलेले धान्य अनेक घरांत वर्ज्य मानले जाते, आणि कढणासाठी मोडांची गरजही नसते. सकाळी भिजवून तीन-चार तासांनी शिजवला तरी पुरते. भिजवण्यास सवड नसेल, तर कोरड्या कढईत मंद आचेवर मूग खमंग वास सुटेपर्यंत परतून घ्यावा. त्याने रंग थोडा गडद होतो, पण चव खुलते.

कृती

सहा वाट्या कढणासाठी 100 ग्रॅम अख्खे मूग घ्यावेत. यूषासाठी धान्याच्या अठरापट पाणी घेण्याची जुनी रीत आहे. त्या हिशेबाने 1800 मिलिलिटर पाणी होते. जाड बुडाच्या पातेल्यात पाणी उकळावे, त्यात मूग व एक तमालपत्र घालून झाकण अर्धवट ठेवावे आणि मंद आचेवर शिजू द्यावे. पाऊण तासाच्या आसपास साल फुटते आणि पाणी आटून सुमारे दोन-तृतीयांश उरते. मग रवीने हलकेच घोटावे. कुकरमध्ये करायचे असल्यास एक लिटर पाणी पुरे. शिजल्यावर हवे तेवढे उकळते पाणी वाढवावे.

आंबटपणासाठी तीन-चार आमसुले घालावीत, पण मूग पुरता शिजल्यावरच. आंबट पदार्थ आधी पडला तर साल मऊ होत नाही. सैंधव मीठ, पाव चमचा सुंठपूड आणि आठ-दहा मिऱ्यांची भरड घालून पाच मिनिटे उकळी द्यावी. शेवटी एक चमचा तुपात जिरे तडतडवून, दोन चिमूट हिंग टाकून ती फोडणी वर ओतावी व लगेच झाकण ठेवावे, म्हणजे सुगंध आतच राहतो.

दही किंवा ताक घालून आंबट करण्याचा मोह टाळावा. कच्चे दही, ताक वा दूध आणि कडधान्य एकत्र आले की द्विदळाचा दोष लागतो. ताक हवेच असेल, तर ते आधी स्वतंत्र तापवून मगच मिसळण्याची मर्यादा पाळली जाते.

तिथीप्रमाणे सुगंध

एरवीच्या दिवसांत कढीपत्ता, कोथिंबीर, पुदिना किंवा गवती चहाची दोन पाती कढणाला निराळी तरतरी देतात. कढीपत्ता फोडणीत घालावा, कोथिंबीर-पुदिना आच बंद केल्यावर, आणि गवती चहा उकळीत टाकून वाढण्याआधी काढून घ्यावा. अष्टमी-चतुर्दशीला आणि चातुर्मासात ज्या घरी हिरव्याचा त्याग असतो, तेथे सुक्या द्रव्यांवर भिस्त ठेवावी. धने-जिऱ्याची ताजी कुटलेली पूड, दालचिनीचा छोटा तुकडा, चिमूटभर ओवा यांनी उणीव भासत नाही. ओल्या आल्याची जागा सुंठ घेते; पावसाळ्यात तीच अधिक उपयोगी.

आयंबिलाच्या दिवशी तूप, तेल आणि दूध-दही वर्ज्य. चैत्र व आश्विन महिन्यांतील नवपदाच्या ओळीत शुद्ध सप्तमीपासून पौर्णिमेपर्यंत नऊ आयंबिले होतात. त्या वेळी फोडणीविना, केवळ मीठ, मिरी, सुंठ आणि हिंग घातलेले कढण करावे. मूग आधी भाजून घेतल्यास तुपाची आठवणही होत नाही.

पारण्याची पहिली वाटी

अठ्ठाई किंवा मासक्षमण पूर्ण झाले की घरात अनुमोदनेचा आनंद ओसंडतो. आग्रहाने वाढण्याची हौस येते, आणि नेमका येथेच विवेक हवा. दीर्घ उपवासानंतर शरीर एकदम जड आहार पेलू शकत नाही. अचानक भरपूर खाल्ल्याने रक्तातील पोटॅशियम, फॉस्फरस यांसारखे क्षार धोकादायक रीतीने खाली जाऊ शकतात. म्हणून पहिल्या दिवशी मुगाचे गाळलेले कोमट पाणी अर्धी वाटी, तेही घोटाघोटाने द्यावे. काही तासांनी पुन्हा तेवढेच. मग न गाळलेले कढण, त्यानंतर मऊ खिचडी. गाळलेल्या पाण्यात पोषण थोडेच असते. त्याचे काम पचनाला हळुवार जागे करणे एवढेच. न गाळलेल्या वाटीतून मात्र सुमारे 4 ग्रॅम प्रथिने मिळतात. मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्या तपस्वींचे पारणे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच व्हावे. तपस्वीची शाता जपणे हीदेखील त्याच्या तपाची सेवाच आहे.

सूर्यास्त आणि दुकान

व्यापारी कुटुंबांत चौविहाराची खरी कसोटी दुकानात लागते. डिसेंबरच्या आरंभी पुण्या-मुंबईकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, आणि बाजारात गिऱ्हाईक तेव्हाच वाढते. गल्ला सोडून घरी जाणे जमत नाही. मग पाच वाजता शेजारचे तळलेले काही खाल्ले जाते आणि रात्री दहाला भरपेट जेवण होते. वडिलांनी आयुष्यभर पाळलेला नियम मुलाच्या पिढीत असा नकळत सुटतो. त्यामागे अश्रद्धा नसते, सोय नसते एवढेच.

ही सोय घरातून करता येते. दुपारी केलेले कढण उकळते असतानाच थर्मासमध्ये भरून, सोबत दोन खाकरे देऊन साडेचारला दुकानात पोहोचवले, तर दहा मिनिटांत गादीशेजारी बसून शांतपणे पोट भरते. बाजारातील तयार सूपच्या पुड्या हा त्याला पर्याय नव्हे. पुडीवरचे हिरवे चिन्ह पदार्थ शाकाहारी असल्याचे सांगते. त्यात कांदा-लसणाची पूड नाही, अशी हमी देत नाही. घटकांची यादी वाचल्यावाचून ती घरात आणू नये.

कढण माणसे मोजूनच करावे, कारण रात्र ओलांडलेले शिजवलेले अन्न आपल्याकडे अभक्ष्य ठरते. सहा माणसांना 100 ग्रॅम हे प्रमाण एकदा हाती बसले की उरतही नाही आणि कमीही पडत नाही. घरातील नव्या सुनेने आणि दुकानात बसू लागलेल्या मुलानेही ते शिकून घ्यावे. मूग, पाणी आणि पाऊण तास एवढेच त्यासाठी लागते.