एका इंचातली शर्यत

2001 साली अमेरिकेतल्या कारखान्यांनी सुमारे 6 लाख 27 हजार पिस्तुले बनवली. 2021 साली हा आकडा साडेसदुसष्ट लाखांवर पोचला. वीस वर्षांत दहापट! वर्षभर, अहोरात्र, दर पाच सेकंदांच्या आत एक पिस्तूल तयार होत होते. यात रिव्हॉल्व्हर धरलेली नाहीत, रायफली नाहीत आणि बाहेरून येणारा मालही नाही. 'स्मॉल आर्म्स सर्व्हे' या संशोधन संस्थेच्या 2018 च्या अंदाजानुसार अमेरिकी नागरिकांकडे 39 कोटींहून अधिक बंदुका होत्या. देशात माणसे कमी आणि बंदुका जास्त.

बाजार एवढा अफाट, तर पिस्तुलेही नाना तऱ्हेची असतील असे कुणालाही वाटेल. पण अर्धा डझन कंपन्यांची छोटी पिस्तुले शेजारी-शेजारी मांडली, तर नवख्या माणसाला छाप वाचल्याशिवाय एकही ओळखता येणार नाही.

याचे कारण मिलिमीटरमध्ये आहे. यांतली बहुतेक पिस्तुले 9 मिमीचे एकच काडतूस वापरतात, आणि ते आहे 1902 सालचे. त्याचा बुडाचा व्यास जवळपास 10 मिमी. गोळी सुटल्यावर नळी किंचित कलते ती जॉन ब्राउनिंग यांची युक्ती शतकाहून जुनी. तिचे पेटंट कधीच संपले. प्लॅस्टिकचा सांगाडा ग्लॉक या ऑस्ट्रियन कंपनीने 1980 च्या दशकात रुळवला. शिवाय पिस्तूल शर्टाखाली दिसता कामा नये, म्हणजे जाडी इंचभरच हवी. काडतूस तेच, यंत्रणा तीच, माणसाचा तळहात आणि कंबरही तीच. मग वेगळेपणाला जागा उरते कुठे?

उरते ती मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या पेटीत. 2015 च्या ग्लॉक 43 मध्ये 6 गोळ्या बसत. 2018 च्या जानेवारीत सिग सावरने साधारण तेवढ्याच आकाराच्या पी 365 मध्ये 10 बसवल्या. काडतुसे एकाखाली एक न रचता डावी-उजवीकडे सरकवत दोन ओळींत बसवायची आणि वरच्या टोकाला एका ओळीत आणायची, ही त्यातली कारागिरी. अभियांत्रिकी म्हणून ती थक्क करणारी आहे, हे मान्य करावेच लागेल. पुढच्याच वर्षी स्प्रिंगफील्डच्या हेलकॅटमध्ये 11 आल्या. 2021 च्या पहिल्या पाच महिन्यांत स्मिथ अँड वेसन, रुगर आणि ब्राझीलची टॉरस, तिघीही याच मापाचे पिस्तूल घेऊन उतरल्या. एका जास्तीच्या गोळीवर जाहिराती झाल्या.

लपवता येणाऱ्या पिस्तुलांची ही मागणी कायद्यांनी घडवली. 1987 मध्ये फ्लोरिडाने पिस्तूल लपवून बाळगण्याचा परवाना सोपा केला आणि एकामागून एक राज्ये त्याच वाटेने गेली. पिस्तूल लपवून बाळगण्यावर पूर्ण बंदी असलेले शेवटचे राज्य इलिनॉय, त्यानेही 2013 मध्ये ती उठवली. 2024 पर्यंत 29 राज्यांत परवान्याचीही गरज उरली नाही. कोट्यवधी प्रौढांना रोज कमरेला काय लावायचे हे ठरवण्याची मुभा मिळाली, तेव्हा कोणती कंपनी हे गिऱ्हाईक दुसरीला सोडेल?

हे पिस्तूल विकले जाते ते अनोळखी हल्लेखोराच्या भीतीवर. 2021 मध्ये अमेरिकेत सर्व प्रकारच्या बंदुकांनी 48,830 माणसे गेली. त्यांतल्या 26,328 जणांनी बंदूक स्वतःवरच चालवली होती.