आजारी संगणकाची साक्ष

१९९० साली भारतात एक संगणक-विषाणू आढळला. त्याचे नाव ‘जोशी’. हा विषाणू शिरलेला संगणक ५ जानेवारीला सुरू केला की काम थांबे आणि ‘हॅपी बर्थडे जोशी’ असे टंकण्याची सूचना पडद्यावर येई. मुकाट्याने शुभेच्छा टंकल्या की संगणक पुढे चालू लागे. वर्षाचे बाकीचे दिवस हा पाहुणा गप्प बसून एका फ्लॉपीवरून दुसऱ्या फ्लॉपीवर जात राही. आडनाव ऐकून हसू येते. पण घरचा संगणक विषाणूमुक्त कसा करावा हे समजावून सांगायला याच्याइतका चांगला नमुना आम्हांला दुसरा सापडलेला नाही. वाढदिवस साजरा करून घेणे हा त्याचा किरकोळ गुण होता. त्याची खरी हुशारी लपण्यात होती.

तो लपत कसा असे? संगणकाचे बटण दाबले त्या क्षणी संगणकाला फारसे काही येत नसते. त्याच्या कायमच्या स्मृतीत एक छोटा प्रोग्रॅम असतो. त्या काळच्या संगणकात या प्रोग्रॅमचे काम एवढेच, की चकतीचा पहिला कप्पा वाचायचा आणि तिथे ज्या आज्ञा लिहिल्या असतील त्यांच्या हाती कारभार सोपवायचा. हा कप्पा अवघा ५१२ बाइटचा. जोशी विषाणू नेमका तिथे जाऊन बसे आणि मूळचा मजकूर चकतीवर दुसरीकडे हलवून ठेवी. मग संगणक सुरू होताना सर्वांत आधी विषाणू स्मृतीत शिरे आणि त्यानंतर मूळच्या आज्ञा चालत. वापरणाऱ्याला काहीच वेगळे दिसत नसे.

स्मृतीत शिरल्यावर तो आणखी एक गोष्ट करी. कोणत्याही प्रोग्रॅमला चकतीवरचे काही वाचायचे असेल तर तशी मागणी करण्याची एक ठरलेली वाट असते. त्या वाटेवर तो उभा राही. कोणी पहिला कप्पा वाचायला मागितला, की आपण बसलेला कप्पा न दाखवता तो हलवून ठेवलेला मूळचा मजकूर पुढे करी.

शाळेतले उदाहरण घेऊ. हजेरीपत्रकात कोणीतरी खाडाखोड केली आहे. मुख्याध्यापक तपासायला बसतात आणि ज्याने खाडाखोड केली त्याच लेखनिकाला सांगतात, “जरा हजेरीपत्रक घेऊन या.” लेखनिकाने जपून ठेवलेली स्वच्छ प्रत येते, मुख्याध्यापक समाधानाने मान डोलावतात. तपासणी कितीही बारकाईने केली तरी उपयोग नाही, कारण कागद ज्याच्या हातून येतो तोच फितूर आहे. आजारी संगणकावर, त्याच संगणकाच्या मदतीने केलेली तपासणी ही अशी असते.

जाणकार मंडळी यावर एक साधा उपाय करीत. संगणक पूर्ण बंद करायचा. तीन कळा एकदम दाबून केलेला ‘पुन्हा आरंभ’ चालत नसे, कारण त्यातूनही जोशी स्मृतीत टिकून राही. वीजच तोडायची म्हणजे स्मृती कोरी होते. मग निरोगी संगणकावर तयार केलेली फ्लॉपी घालून तिच्यावरून संगणक सुरू करायचा. या फ्लॉपीच्या कडेच्या खाचेवर आधी चिकटपट्टी लावलेली असे, म्हणजे तिच्यावर काही लिहिले जाऊ शकत नसे. अशा रीतीने चकतीवरचा विषाणू जागा होण्याआधीच तपासनीस आत पोहोचे. आता कपाट मुख्याध्यापक स्वतःच्या किल्लीने उघडत होते.

याच सुमारास पुण्यात या कामाचा एक मोठा व्यवसाय उभा राहिला. दहावीनंतर शिक्षण थांबवून रेडिओ आणि कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कैलास काटकर पुढे संगणक दुरुस्तीकडे वळले. त्यांचे धाकटे बंधू संजय संगणकशास्त्र शिकत होते. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत विषाणूंचा उपद्रव दिसू लागला, तेव्हा संजय यांनी ‘मायकेलअँजेलो’ या विषाणूवर उतारा म्हणून एक प्रोग्रॅम लिहिला. १९९१ साली सापडलेला हा विषाणू ६ मार्चला, म्हणजे त्या इटालियन शिल्पकाराच्या जन्मदिवशी, चकतीच्या सुरुवातीच्या भागावर निरर्थक मजकूर लिहून टाकी. या कामातून १९९५ साली ‘क्विक हील’ हे उत्पादन बाजारात आले आणि २०१६ साली कंपनीची शेअर बाजारात नोंदणी झाली.

आता फ्लॉपी गेली. पहिल्या कप्प्यात घुसणेही पूर्वीसारखे सोपे राहिलेले नाही, कारण नव्या संगणकांत सुरुवातीच्या आज्ञांची सही तपासून मगच त्या चालवण्याची सोय असते. फितूर लेखनिकाची युक्ती मात्र चालूच आहे.

सांगवीतील एका घराचे उदाहरण पाहा. मुळा-पवनेच्या संगमाजवळची ही वस्ती. घरातला एक माणूस भोसरीच्या कारखान्यात, दुसरा शाळेत, मुले अकरावी-बारावीत, आणि सर्वांत मिळून एक संगणक, हे चित्र इथे नवे नाही. आम्ही पाहिलेल्या घरात बाई माध्यमिक शाळेत शिक्षिका आहेत. त्यांचा पेन ड्राइव्ह शाळेची संगणक खोली, कोपऱ्यावरचे झेरॉक्सचे दुकान आणि घर अशा तीन ठिकाणी फिरे. एके दिवशी पेन ड्राइव्हवरील सगळ्या फोल्डरांच्या चित्रांवर कोपऱ्यात छोटा बाण दिसू लागला. बाण म्हणजे ते फोल्डर नसून फोल्डरकडे नेणारी वाट आहे, अशी खूण. बाईंनी त्यावर टिचकी मारली, फोल्डर उघडला, प्रश्नपत्रिका जागेवर होत्या. सगळे ठीक आहे असे समजून त्या दोन आठवडे काम करीत राहिल्या.

घडले होते ते असे. विषाणूने खरे फोल्डर ‘अदृश्य’ असा शिक्का मारून लपवले होते आणि त्याच नावांच्या खोट्या वाटा मांडून ठेवल्या होत्या. खोट्या वाटेवर टिचकी मारली, की आधी विषाणू चाले आणि नंतर तो स्वतःच खरा फोल्डर उघडून दाखवी. जोशीचीच ही नवी आवृत्ती! घरच्यांनी बाणवाल्या खुणा पुसून टाकल्या, तर फाइली गेल्याच असे वाटून घाबरगुंडी उडाली. वास्तविक फाइली तिथेच, पण अदृश्य होत्या. याच घाबरण्यातून पुष्कळ लोक पेन ड्राइव्ह फॉरमॅट करून बसतात आणि मग फाइली खरोखरच गमावतात.

त्या संगणकावर बाईंच्या दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका, मुलीचा प्रकल्प आणि वारलेल्या सासऱ्यांची छायाचित्रे होती, आणि त्यांपैकी कशाचीच दुसरी प्रत नव्हती. म्हणून घाई न करता क्रमाने जायचे ठरले.

पहिले काम इंटरनेट तोडण्याचे. वायफाय बंद, तार काढलेली. आजचे अनेक विषाणू आत शिरल्यावर बाहेरच्या धन्याशी बोलत असतात. तिकडून नवे साथीदार मागवतात, इकडचे पासवर्ड पाठवतात. दुसरे काम संगणकाबाहेरचे: बँकेचा व ईमेलचा पासवर्ड निरोगी फोनवरून बदलायचा. आजारी संगणकावर बसून पासवर्ड बदलणे म्हणजे चोराच्या देखत नवे कुलूप लावणे. (पैसे गेल्याचे दिसलेच, तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. तिथे प्रत्येक मिनिटाला मोल असते.)

मग ‘बाहेरून’ तपासणी. फ्लॉपीची जागा आता दोन गोष्टींनी घेतली आहे. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडरची ‘ऑफलाइन स्कॅन’ नावाची सोय असते. ती निवडली की संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि नेहमीची प्रणाली जागी होण्याआधीच तपासणी होते. दुसरा आणि आमच्या मते अधिक भरवशाचा मार्ग म्हणजे निरोगी संगणकावर तयार केलेल्या लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून आजारी संगणक सुरू करणे. यात चकतीवरची विंडोज झोपलेलीच राहते, तिच्यासोबत विषाणूही झोपलेला राहतो, आणि विंडोजने अदृश्य ठरवलेल्या फाइली लिनक्सला सरळ दिसतात. सांगवीच्या घरी फोल्डर या मार्गाने मिळाले.

मिळालेल्या फाइलींची प्रत करताना एक पथ्य पाळायचे. छायाचित्रे, मजकूर, तक्ते घ्यायचे. चालवता येणारी कोणतीही फाइल, मग ती कितीही उपयोगी वाटो, घ्यायची नाही. प्रोग्रॅम नव्याने मिळतात. विंडोजमध्ये फाइलच्या नावाचे शेपूट, म्हणजे प्रकार सांगणारी अक्षरे, मुळात लपवलेली असतात. ती दाखवण्याची सोय चालू करावी. ‘निकाल.पीडीएफ’ दिसणाऱ्या फाइलचे खरे नाव ‘निकाल.पीडीएफ.ईएक्सई’ निघते तेव्हा वर्गात चांगला हशा पिकतो.

आता अवघड प्रश्न. तपासणीत तीन विषाणू सापडले आणि नष्ट झाले. संगणक बरा झाला असे म्हणावे का? तपासणारे प्रोग्रॅम मुख्यतः ओळखीच्या खुणा आणि संशयास्पद वागणूक यांवरून विषाणू ओळखतात. ‘सापडला नाही’ म्हणजे ‘नाही’ असे होत नाही, आणि यात कारागिराचा दोष नाही. अमेरिकी संशोधक फ्रेड कोहेन यांनी १९८०च्या दशकात दाखवून दिले की प्रत्येक विषाणू बिनचूक ओळखणारा प्रोग्रॅम असूच शकत नाही. त्यांचा युक्तिवाद अकरावीच्या वर्गातही समजावा असा आहे. समजा, असा एक बिनचूक परीक्षक आहे. आपण ‘क’ नावाचा प्रोग्रॅम लिहू. ‘क’ सुरू झाला की परीक्षकाला विचारतो, “मी विषाणू आहे का?” उत्तर ‘हो’ आले तर ‘क’ काहीही न करता थांबतो, ‘नाही’ आले तर स्वतःच्या प्रती पसरवू लागतो. परीक्षक ‘हो’ म्हणाला तर ‘क’ निरुपद्रवी ठरला, ‘नाही’ म्हणाला तर विषाणू ठरला. दोन्ही वेळा परीक्षक चुकलाच! म्हणजे असा परीक्षक असू शकत नाही.

म्हणून पासवर्ड चोरणारा किंवा दुरून ताबा घेणारा विषाणू सापडला असेल, तर आमचा सल्ला स्पष्ट आहे: फाइलींची प्रत घेतल्यावर चकती पुसून विंडोज पुन्हा घालावी. यात एक दुपार जाते. पण महिनाभर संशयाने वापरण्यापेक्षा ती बरी. बाईंच्या घरी हेच केले. विंडोज अधिकृत असावी हेही ओघाने आले. फुकटच्या विंडोजसोबत जो ‘ॲक्टिव्हेटर’ येतो तो आधी विषाणूरोधक बंद करायला सांगतो. चोराने दाराशी येऊन कुत्रा बांधून ठेवायला सांगावे आणि आपण तो बांधावा, असा हा प्रकार आहे. शिवाय विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हा नव्याने घालायचीच तर हे ध्यानात घ्यावे.

खंडणी मागणाऱ्या विषाणूंची गोष्ट वेगळी. त्यांनी फाइली गुप्तलिपीत बदललेल्या असतात. विषाणू काढला तरी फाइली उघडत नाहीत. युरोपोल, डच पोलीस आणि काही कंपन्यांनी २०१६ साली सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या उपक्रमात काही प्रकारांच्या किल्ल्या फुकट मिळतात, सगळ्या नाही. इथे एकच गोष्ट उपयोगी पडते, ती म्हणजे आधी काढून ठेवलेली आणि एरवी संगणकाला न जोडलेली प्रत.

वर्गात विषाणू दाखवता येत नाही, पण विषाणूरोधक काम कसे करतो हे दाखवता येते. ‘आयकार’ या युरोपीय संस्थेने (आपल्या आयकराशी हिचा संबंध नाही) ६८ अक्षरांची एक निरुपद्रवी ओळ ठरवून दिली आहे. ती संस्थेच्या संकेतस्थळावरून घेऊन साध्या मजकूर-फाइलमध्ये साठवली की विषाणूरोधक लगेच आरोळी ठोकतो. तिच्यातले एक अक्षर बदलून पाहावे. बहुधा तो गप्प बसतो, आणि ‘ओळखीची खूण’ म्हणजे काय हे मुलांना न सांगता कळते.

सांगवीच्या घरी संगणक स्वच्छ झाला त्याच आठवड्यात पेन ड्राइव्हवर पुन्हा बाण उमटले. घरचा संगणक निर्दोष होता. एक रिकामा पेन ड्राइव्ह घेऊन, त्यावर एक फोल्डर ठेवून, तो आधी घरी आणि मग शाळेत लावून पाहिला तेव्हा बाण शाळेत उमटले. संगणक खोलीतल्या बारा संगणकांपैकी पाच आजारी निघाले. ते पाचही एकाच शनिवारी दुपारी, एकाच लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून सुरू करून तपासले, आणि तोवर शिक्षकांचे सगळे पेन ड्राइव्ह मुख्याध्यापकांच्या खणात कुलूपबंद होते.